मार्क मुलींचे कमी, की प्रश्नच तिरके?

प्रश्न: मी पुण्यात एका कंपनीत एचआरला आहे. भरतीच्या वेळी पर्सनॅलिटी टेस्ट घेतो, त्यात ‘भावनिक स्थिरता’ला मुलींची सरासरी कमी येते आणि बऱ्याच जणी कटऑफलाच गळतात. साहेब म्हणतात, टेस्ट अमेरिकेत सिद्ध झालीये. मग ती पक्षपाती म्हणायची का?

उत्तर: ताई, नुसत्या सरासरीवरून बोलायला जाऊ नका, साहेब तिथंच गप्प करतील, कारण दोन गटांत खराखुरा फरकही असू शकतो. बघायचं असतं ते वेगळंच. बाकी सगळ्या प्रश्नांत सारखे मार्क असलेले मुलगे आणि मुली घ्यायच्या आणि एकेक प्रश्न तपासायचा, की नेमक्या ह्याच प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी का येतायत. नैराश्य मोजायची सीईएस-डी नावाची २० प्रश्नांची जुनी प्रश्नावली आहे, १९७७ची (नोकरीसाठीची नाही, पण उदाहरण चोख आहे). त्यात रडू येण्याबद्दल एक प्रश्न आहे. तेवढंच नैराश्य असलं तरी बायका ‘हो’ जास्त म्हणतात, पुरुष कमी. लहानपणापासून ‘मुलीसारखा रडतोस काय’ ऐकलेला माणूस काय टिक करणार सांगा! म्हणजे तो प्रश्न नैराश्याबरोबर वळणही मोजतो.

बहिर्मुखतेचंही तसंच. ‘पार्टीत खूप वेगवेगळ्या लोकांशी बोलते’ असं वाक्य असतं, आणि सोलापूरकडची एखादी मुलगी जी लग्नघरात दोनशे पाहुणे एकटी सांभाळते ती पार्टीला कधी गेलेलीच नसते, मग ती त्या वाक्याला पाचपैकी एकच मार्क देते.

‘अमेरिकेत सिद्ध’ म्हणाल तर १९४३च्या एमएमपीआय ह्या प्रसिद्ध पर्सनॅलिटी टेस्टचे ‘नॉर्मल’ लोक, म्हणजे ज्यांच्याशी बाकीच्यांचे मार्क ताडून बघायचे ते, कोण होते माहितीये? मुख्यतः मिनेसोटातल्या हॉस्पिटलात पेशंटला भेटायला आलेले नातेवाईक, बहुतेक सगळे गोरे. अशा ‘नॉर्मल’ लोकांचा नवीन नमुना आला थेट १९८९ला!

मुलींना वरून मार्क वाढवून द्यायचे का? नको. भरतीत लिंग किंवा वंश बघून मार्क बदलायला अमेरिकेत १९९१च्या कायद्यानं बंदी आहे. तो इथं लागू नाही, पण माझ्या मते तिरका प्रश्न काढणं हाच सरळ उपाय. टेस्ट विकणाऱ्या व्हेंडरकडे अशा प्रश्नवार तपासणीचा रिपोर्ट लेखी मागा, भारतीय उमेदवारांवरचा, मुलगे आणि मुली दोन्हीकडे निदान दोनेकशे माणसं असलेला. नाही म्हणाला तर तो कटऑफ तेवढा लावू नका.