रविवारी खोलीत थांबायची भीती वाटते

प्रिय ताई,
मी ऑक्टोबरपासून जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतेय. आल्यापासून जवळजवळ प्रत्येक वीकेंडला आमचा ग्रुप कुठेतरी जातो. बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, सगळं झालं. एकट्या बुडापेस्टला माझे 180 युरो गेले. शुक्रवारी रात्री बस पकडायची, सोमवारी पहाटे उतरायचं आणि तसंच लेक्चरला जायचं. फेब्रुवारीत एका पेपरात नापास झाले. घरी अजून सांगितलेलं नाही. बाबांनी कर्ज काढलंय आणि आई माझे फोटो सगळ्या नातेवाइकांना दाखवते. एकदा ठरवून ट्रिपला गेले नाही, तर रविवारी दिवसभर खोलीत रडत बसले. दुकानं बंद, कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही. फिरणं बंद करू का? आणि केलं तर त्या दोन दिवसांचं करू काय?
एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

खरा प्रश्न तू सगळ्यात शेवटी विचारलास. फिरणं बंद करायचं का, याचं उत्तर सोपं आहे: नको करूस. बाविशी-तेविशीत, पाठीवर एक सॅक टाकून चार देश बघायला मिळतात याचा अपराध वाटून घेऊ नकोस. पण तुझ्या पत्रात फिरून आलेल्या चार शहरांची नावं आहेत आणि त्यातल्या एकाही ठिकाणी तुला काय आवडलं, ते एका शब्दानेही आलेलं नाही. रविवारची ती रिकामी खोली मात्र तू अशी लिहिली आहेस की मला ती डोळ्यांसमोर दिसली. तू शहरं बघायला जात नाहीस, त्या खोलीपासून लांब जातेस.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण मीही जर्मनीत दोन वर्षं शिकले आणि पहिले आठ महिने हेच केलं. आमच्या हॉस्टेलच्या तळघरात कपडे धुवायची दोन मशीनं होती. शुक्रवारी संध्याकाळी मी कपडे लावायचे, ट्रिपच्या गडबडीत विसरायचे आणि निघून जायचे. रविवारी रात्री परत यावं तर ओल्या कपड्यांचा गोळा मशीनवर काढून ठेवलेला, त्याला कुबट वास, आणि वर चिठ्ठी. तिसऱ्या वेळी चिठ्ठीवर खोलीचा नंबर होता. माफी मागायला गेले, तर ती माझ्याच मजल्यावरची, तीन दारं सोडून राहणारी मुलगी निघाली. तिने आत बोलावलं, चहा दिला. आठ महिन्यांत त्या कॉरिडॉरमधल्या कुणाच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. मला प्रागचे पूल पाठ होते आणि शेजारणीचं नाव माहीत नव्हतं.

म्हणून तुझ्या शनिवार-रविवारआधी मला तुझा मंगळवार-बुधवार विचारायचा आहे. आठवड्यात असं कोण आहे, जे तू दिसली नाहीस तर विचारेल? ग्रुप आहे, पण तो ट्रिपचा ग्रुप आहे असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. बुधवारी दुपारी मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, एकाच वेळी, एकाच माणसाबरोबर जेवायला बसणं, एवढ्यापासून सुरुवात कर. एप्रिलमध्ये नवं सेमिस्टर सुरू झालं की विद्यापीठाच्या खेळांचे वर्ग भरतात. काहीही घे, पोहणं, बॅडमिंटन, नाच. जर्मन मुलं रस्त्यात ओळख करून घेत नाहीत, पण सलग सहा आठवडे त्याच वेळी त्याच हॉलमध्ये दिसलीस की आपणहून बोलायला लागतात. रविवारी कुणाला फोन करावा, हा प्रश्न मग आपोआप सुटतो.

आता रविवारबद्दल. तिथला रविवार तुला अंगावर येतो, कारण तो मुद्दामच तसा ठेवलेला आहे. जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेतल्या 139 व्या कलमाने रविवारला विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलं. 1949 मध्ये आजची राज्यघटना झाली तेव्हा 140 व्या कलमातून ते तसंच कायम राहिलं. म्हणून दुकानं बंद, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत. ती शांतता तुला एकटं पाडायला नाही, सगळ्यांनाच थांबवायला आहे. हे कळल्यावर माझा स्वतःचा रविवार बराच हलका झाला होता.

आणि संग्रहालयं रविवारी उघडी असतात. राफाएल या इटालियन चित्रकाराची सिस्टीन मॅडोना तुझ्याच गावात, झ्विंगर राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. पाहिलीस? चित्राच्या तळाशी कोपरं टेकून वर बघणारे दोन छोटे देवदूत तू कपांवर आणि पोस्टकार्डांवर शंभर वेळा पाहिले असशील, ते या चित्रातले. एखाद्या रविवारी फक्त त्या एका चित्रासाठी जा, बाकी दालनं सोडून दे.

रविवारची संध्याकाळ जड जाण्याचं आणखी एक कारण आहे, ते अगदी साधं आहे. तुझ्या घड्याळात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा घरी साडेअकरा झालेले असतात, हिवाळ्यात तर साडेबारा. तुला बोलावंसं वाटतं तेव्हा घर झोपलेलं असतं. मग हातात फोन राहतो आणि फोनवर दुसऱ्यांच्या ट्रिपचे फोटो. घरचा फोन रविवारी सकाळी दहावर आण. तेव्हा आईची जेवणं उरकलेली असतात आणि तिलाही निवांत बोलता येतं.

फिरण्याचं माझं मत विचारशील तर महिन्यातून एकच लांबची ट्रिप, आणि रात्रीची बस एकाच बाजूने. दोन्ही बाजूंनी बसमध्ये रात्र काढली की सोमवार गेलाच, मंगळवारही अर्धा जातो. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो सुटतात, त्यातून भाडं आणि विमा गेल्यावर उरतं किती, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बुडापेस्टचे 180 त्या उरलेल्यातून गेले.

आणि जवळचं बघ ना! एस-वन लोकलने राथेन हे छोटं गाव चाळीसेक मिनिटांवर आहे. स्टेशनवरून उतरलं की एल्बे नदी आडवी येते आणि ती ओलांडायला एक फेरीबोट आहे. तिला इंजिन नाही. ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला लांब तारेने नदीत बांधलेली आहे. नावाडी तिला प्रवाहाला तिरकी करतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. आवाज फक्त पाण्याचा. पलीकडे चढून गेलं की बास्टाइचा दगडी पूल, 1851 मध्ये बांधलेला, खडकांच्या सुळक्यांमधून गेलेला. शनिवारी सकाळी निघालीस तर दुपारी परत खोलीवर, रात्री आपल्या पलंगावर झोप, रविवार अख्खा शिल्लक. ग्रुपला नुसतं नाही म्हणणं जड जात असेल तर या ट्रिपचं निमंत्रण तूच दे. जे येतील ते तुझे. जे येणार नाहीत त्यांच्यावर रागावू नकोस.

पेपरचं मात्र लांबवू नकोस. तपासलेली उत्तरपत्रिका बघायची तिथे सोय असते, तिला आइनझिश्त म्हणतात. तिची तारीख एखादाच दिवस असते आणि बरीच मुलं ती चुकवतात. त्या विभागाला आजच ईमेल कर. बसून बघ, गुण नेमके कुठे गेले, ते वहीत उतरवून घे. परीक्षेचे प्रयत्न मोजके असतात, म्हणून तुझ्या कोर्सच्या नियमावलीत किती उरलेत तेही वाच आणि पुढच्या नोंदणीची तारीख भिंतीवर लाव.

आणि आईला सांग. मला माहीत आहे, हे सगळ्यात कठीण आहे. तिला फोटो दाखवायला आवडतात, कारण तुझ्याकडून तिला तेवढंच कळतं. येत्या रविवारी सकाळी, फोटो न पाठवता, पहिल्या दोन मिनिटांत सांग: आई, एका पेपरात नापास झाले, पुन्हा देणार आहे, तारीख ही. कर्ज काढलेल्या माणसाला मुलीचं अपयश झेपतं. आपल्यापासून ते लपवलं गेलं, हे जास्त लागतं. बाबांना तू सांगायचं की तिने, ते तिच्यावर सोड.

रडणं एका रविवारचं असेल तर ठीक. पण ते दर आठवड्याला व्हायला लागलं, झोप किंवा भूक गेली, तर श्टुडेंटनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, समुपदेशनाची वेळ घे. विद्यार्थ्यांसाठी ते मोफत असतं आणि तिथे बोललेलं बाहेर जात नाही. त्यासाठी फार वाईट अवस्था यायची वाट बघायची नसते.

आइनझिश्तची तारीख कळली की मला लिही. आणि तुझ्या उजव्या-डाव्या हाताच्या खोल्यांत कोण राहतं, त्यांची नावंही.

तुझी,
ताई