वाचकांचे प्रश्न : मे महिन्यात कुडाळला, सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही लालबागला राहतो, गाव कुडाळजवळ. यंदा मे महिन्यात मिस्टरांना सुट्टी नाही, म्हणून मी, सासूबाई (वय 68), मुलगी 8 वर्षांची आणि मुलगा 4 वर्षांचा असे आम्हीच पंधरा दिवस जाणार आहोत. घरी मोठे दीर-जाऊ, चुलत सासरे, त्यांची मुलं-सुना आणि पाहुणे धरून वीस-बावीस माणसं होतात. रात्रीची कोकणकन्या बरी की दिवसाची मांडवी? तिकिटं कधी काढू? आणि एवढ्या माणसांत आम्ही चौघं आणखी, जावेला जड होईल का हे सारखं मनात येतंय.
एक वाचक, लालबाग

उत्तर : मांडवीच घ्या. रात्रीच्या गाडीत झोपेत प्रवास होतो म्हणतात सगळे, पण ते बरोबर सगळी धडधाकट मोठी माणसं असतील तरच, तुमच्या मुलाला 5 पूर्ण नाहीत म्हणजे तिकीट नाही पण बर्थही नाही, तो रात्रभर तुमच्या कुशीत आणि तुम्ही अर्ध्या बर्थवर, त्यात सासूबाईंना लोअर नाही मिळाला तर त्यांना वर चढवणार कोण? दिवसा मधला बर्थ खाली असतो, सगळे बसून जातात. मुलीचं मात्र पूर्ण तिकीट काढा, अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही आणि तिथे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. सासूबाईंना सवलत धरू नका, ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे.

गाडी सीएसएमटीहून सकाळी 7.10 ला सुटते. दादर तुम्हाला जवळ हे खरं, पण तिथे ती जेमतेम थांबते, म्हणून पहाटे टॅक्सी करून सीएसएमटीलाच जा, तिथे गाडी लागलेली असली की आजीला हात धरून शांतपणे चढवता येतं.

तिकिटाचं नीट ऐका. बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 दिवस नोव्हेंबर 2024 पासून गेले. जायचं 10 मे असेल तर 11 मार्चला सकाळी 8 वाजता मोबाईल हातात हवा, अकाउंट आधारशी आधीच जोडलेलं आणि तिकीट लागणाऱ्या तिघांची नावं त्यात भरून ठेवलेली. आणि इथेच बहुतेक जण चुकतात, जायचं तिकीट मिळालं की हुश्श करतात आणि परतीचं राहून जातं. 25 मेच्या परतीचं बुकिंग 26 मार्चला उघडेल, तो दुसरा अलार्म आजच लावा, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्याआधी सगळे चाकरमानी एकदमच मुंबईकडे निघतात. वेटिंगवर भरवसा ठेवू नका, ऑनलाईन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर कन्फर्म नसेल तर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही.

मांडवी नाहीच मिळाली आणि दादरहून तुतारी घ्यावी लागली तर तारखेला जपा. ती रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणजे 10 तारखेचं तिकीट असेल तर 9 च्या रात्री स्टेशनवर असायला हवं. आम्ही एका वर्षी 10 च्या रात्री बॅगा, आंब्यांसाठी रिकाम्या करंड्या, पेंगुळलेली मुलं असं सगळं घेऊन दादरला उभे होतो, बोर्डवर गाडी होती, डब्यात आमच्या सीटवर दुसरी माणसं बसलेली, आमची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. सासरे काही बोलले नाहीत, फक्त बाकावर बसून राहिले, ते मला अजून दिसतं.

पाणी आणि मुलांपुरता डबा घ्या, बाकी मांडवीत खायला भरपूर येतं. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा, मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर धाकटा घाबरेल. कणकवली गेली की चपला, बॅगा आवरायला घ्या, कुडाळला गाडी फार थांबत नाही.

आता जावेचं. जड होईल का विचारताय, तर हो, थोडं होणारच, कारण मे महिना तिकडे सुट्टीचा नसतो. पावसाच्या आत लाकडं भरायची, आंबे उतरवायचे, कोकमं फोडून, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. माझ्या जावेची बोटं या दिवसांत लालजर्द असायची आणि त्याच हातांनी ती वीस जणांच्या भाकऱ्या थापायची. म्हणून किती दिवस राहणार, कोणत्या तारखेला परत, हे तिकीट झाल्या झाल्या फोन करून जाऊबाईंनाच सांगा, दिरांच्या मार्फत नको. काय आणू विचारा, त्या नको म्हणाल्या तरी चहा-साखर, तेल घेऊन जा आणि सिलिंडरचे पैसे पोचल्या दिवशीच त्यांच्या हातात द्या, निघताना नाही, निघताना दिलेले पैसे परत पर्समध्ये कोंबले जातात. सकाळचं एक काम कायमचं आपल्याकडे घ्या, भांडी म्हणा, नाश्ता म्हणा, आणि दुपारी कोकमं फोडायला त्यांच्याशेजारी पडवीत बसा, मुलीलाही बसवा. जुना गाऊन मात्र आठवणीने घ्या, कोकमाचा डाग जात नाही.