दोन माणसांपुरतं श्रीखंड

प्रश्न : सासूबाईंना कवळी आहे, म्हणून अर्धा किलो दह्याचं मऊ श्रीखंड घरी केलं. पण ते पातळ झालं, रवाळ लागलं आणि दुसऱ्या दिवशी आंबलं. कुठे चुकलं?

उत्तर : तिन्हींची मुळं वेगवेगळी आहेत. आंबटपणा टांगण्यातला. उन्हाळ्यात दही रात्रभर ओट्यावर टांगलं की ते आंबतच राहतं. ताजं, सायीच्या दुधाचं दही मलमलमध्ये बांधा, चाळणीत ठेवून खाली पातेलं द्या आणि सात-आठ तास फ्रिजमध्येच निथळू द्या. अर्धा किलो दह्याचा साधारण २०० ते २२५ ग्रॅम चक्का निघतो. तो बोटाला चिकटला तरी ओलं पाणी दिसता कामा नये.

साखर १५० ग्रॅम, घरी दळलेली. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोअर असतं, त्याची कच्ची चव राहते. साखर चक्क्यातलं पाणी ओढते, म्हणून चक्का ओलसर असेल तर श्रीखंड हमखास ओघळतं. मिसळून अर्धा तास झाकून ठेवा, मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. रवाळपणा इथेच जातो. मिक्सर नकोच, त्याने पातळ होतं.

चमचाभर कोमट दुधात खललेलं केशर आणि वेलचीपूड घाला. चारोळ्या कवळीखाली अडकतात, त्या वगळा. पाच लहान वाट्या भरतील. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा.