हा हात कुणाचा?

प्रश्न : ताई, मी सांगलीतील एका शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. जूनपासून विश्रामबागेतील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी कॉमिक्सचा विनामूल्य वर्ग घेतो. आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग चार चौकटींत मांडायचा आणि तसे करता करता स्वतःला ओळखायचे, एवढीच कल्पना आहे. पहिल्या रविवारी एकवीस जण आले. त्यांत शाळकरी मुले, त्यांच्या आया, हळदीच्या पेठेत दिवाणजी असलेले एक गृहस्थ आणि महाविद्यालयातील काही मुले होती. आता सहा-सात जणच येतात. ज्यांचा हात चांगला आहे तेवढे टिकले, बाकीचे ‘आम्हाला काही जमत नाही’ म्हणून गळाले. व्हॉट्सॲपवर गट केला, तर तिथेही दोघा-तिघांच्याच चित्रांचे कौतुक होते. गेल्या महिन्यात एका मुलीने २०१९ च्या महापुराचे चित्र काढले आणि ती रडू लागली, तेव्हा मला काय करावे ते सुचले नाही. एकमेकांना धरून राहील असा गट कसा बांधावा?
— एक निवृत्त कलाशिक्षक, सांगली

उत्तर : सर, गळालेल्या माणसांची रुखरुख आपल्याला लागून राहिली आहे, हे पत्राच्या ओळीओळीतून कळते, आणि म्हणूनच हा गट उभा राहील असा मला विश्वास वाटतो. दोष आलेल्या माणसांचा नाही आणि आपल्या शिकवण्याचाही नाही. तो आपल्या सगळ्यांना शाळेपासून जडलेल्या सवयीचा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना मुले बसवण्यात आपले आणि माझेही आयुष्य गेले. त्या परीक्षांमधले स्मरणचित्र आठवून पाहा. बाजाराचे दृश्य काढायला सांगितले, की मुले महिनाभर गिरवून ठेवलेली पाठमोरी भाजीवाली काढून मोकळी होतात, कारण पाठमोऱ्या माणसाचा चेहरा काढावा लागत नाही. नाव स्मरणचित्र, पण त्या मुलाने स्वतः पाहिलेला बाजार त्यात कुठेच नसतो. या परीक्षांनी असंख्य मुलांच्या हाताला वळण लावले, त्याबद्दल मला आदरच आहे. मात्र रविवारी आपल्याकडे येणारा माणूस तीच श्रेणी मनात घेऊन बसतो, शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो आणि स्वतःला सी ग्रेड देऊन घरी जातो.

तेव्हा सर्वांत आधी खोडरबर आणि पेन्सिल खोलीबाहेर ठेवा. सगळ्यांना सारखेच साधे बॉलपेन आणि घड्या घालून चार चौकटी पाडलेला सारखाच कागद द्या, आणि प्रत्येक चौकटीला तीन मिनिटे घड्याळ लावून द्या. वेळ इतका थोडा असला, की चांगला हात असलेल्यालाही सजावटीला सवड मिळत नाही आणि खोलीतले अंतर पुष्कळ कमी होते. विषयही मोठा नको. ‘माझे बालपण’ असे सांगितले की माणसे गोठतात. ‘काल संध्याकाळी दार कुणी उघडले’ असे विचारले की लिहू-काढू लागतात.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, ती म्हणजे चित्र काढून झाल्यावर त्याच्याशी कसे वागायचे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणाऱ्या व्यंगचित्रकार लिंडा बॅरी यांच्या वर्गाची एक रीत आहे. एक जण आपले लिहिलेले वाचून दाखवत असताना बाकीचे मान खाली घालून कागदावर गोल गोल फिरणारी दाट रेघ काढत राहतात आणि वाचून झाल्यावर त्यावर चर्चा करत नाहीत. ऐकणाऱ्याचा हात कामात गुंतलेला असला आणि डोळे आपल्यावर रोखलेले नसले, तर सांगणाऱ्याचा संकोच जातो. आपल्याकडे शेंगा फोडता फोडता किंवा गहू निवडता निवडता बायका जे बोलतात, ते समोरासमोर बसून बोलत नाहीत, तसेच हे आहे.

आपल्या गटात पहिले सहा आठवडे तरी ‘छान’ हा शब्दसुद्धा बंद ठेवावा असे मी आग्रहाने सुचवते. एकाला ‘छान’ म्हटले, की ज्याला म्हटले नाही त्याला आपला निकाल कळतो. त्याऐवजी प्रश्न विचारावा, आणि तोही चित्रात जे दिसते त्याबद्दलच. हे मी चूक करून शिकले. साताऱ्यात माझा असाच गट सुरू झाला तेव्हा एका मुलीच्या चित्रातला कोपर चुकीच्या जागी होता, म्हणून मी तिच्या हातातले पेन घेऊन तो नीट करून दिला. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर चार रविवार तिने फक्त झाडे काढली.

पुढे त्याच गटात एका गृहिणीने सकाळचा चहा चार चौकटींत काढला होता. सासरे पेपर वाचत होते, नवरा बूट घालत होता, मुलगा मोबाईल पाहत होता आणि प्रत्येक चौकटीच्या कडेतून कप धरलेला एक हात तेवढा आत आला होता. मी काही बोलणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या सहावीतल्या मुलीने विचारले, “काकू, हा हात कुणाचा?” बाईंनी कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि “माझाच की,” असे म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःला अख्खे काढतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी पुन्हा हातच काढला, पण या वेळी तो चौकटभर मोठा होता, त्यावर दोन बांगड्या होत्या आणि मनगटाजवळ कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग होता. तो प्रश्न मी शिक्षिका म्हणून विचारला असता तर त्यात शिकवण आली असती; मुलीला खरोखरच जाणून घ्यायचे होते. म्हणून लहान-मोठ्यांचे गट वेगळे करू नका.

व्हॉट्सॲपवरचा गट केवळ वेळ कळवण्यापुरता ठेवा. चित्रांसाठी कागदी पुस्तिका करा. एका ए-फोर कागदाला तीन घड्या घालून आठ भाग पाडायचे, मधल्या घडीवर दोन भागांइतकी चीर द्यायची आणि कागद उभा करून दुमडायचा, की आठ पानांची पुस्तिका होते. ती उलगडली की एकाच बाजूची झेरॉक्स काढून पुरते. प्रत्येकाच्या पुस्तिकेची प्रत प्रत्येकाला मिळाली पाहिजे, निवड करायची नाही. गावात काही लावायचे असेल, तर व्यंगचित्रकार शरद शर्मा आणि त्यांची संस्था वर्ल्ड कॉमिक्स इंडिया यांनी रुजवलेली भित्तिकॉमिक्सची पद्धत उपयोगी पडेल. त्यात साधी माणसेच आपल्या गावातला प्रश्न चार चौकटींत मांडतात, दोन ए-फोर कागद जोडून त्याचे पोस्टर करतात आणि चावडीवर किंवा चहाच्या टपरीवर चिकटवतात. मात्र स्वतःबद्दलचे कोणते चित्र बाहेर जाईल, ते काढणाऱ्यानेच ठरवावे. मुलांच्या बाबतीत मुलाला आणि पालकांना, दोघांनाही विचारावे.

आता त्या मुलीविषयी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे. ती मुलगी तेव्हा अगदी लहान असणार. ती रडली याचा अर्थ आपला वर्ग चुकला असा नाही. अशा वेळी चित्राचा अर्थ लावू नये, ‘रडू नको’ असेही म्हणू नये. पाणी द्यावे, शेजारी बसावे, आणि आता पुढे काढायचे आहे की थांबायचे आहे, एवढेच विचारावे. कागद घरी न्यायचा, आपल्यापाशी ठेवायचा की फाडायचा, हेही तिनेच ठरवावे. मात्र चित्रकलेचा गट म्हणजे उपचार नव्हे, ही मर्यादा आपण कधी विसरता कामा नये. झोप उडाली असेल, शाळा सुटत असेल, तर पालकांशी बोलून डॉक्टरांकडे पाठवावे. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. एखाद्या मुलाच्या चित्रातून किंवा बोलण्यातून त्याला कुणाकडून इजा होत असल्याचे कळले, तर ते गुपित म्हणून ठेवायचे नाही. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. पहिल्याच दिवशी हे सगळ्यांना सांगून ठेवावे, म्हणजे पुढे कुणाचा विश्वासघात झाला असे होत नाही.

गळालेल्यांना निरोप पाठवू नका, स्वतः जाऊन भेटा. दिवाणजींकडे तर पेठेतच जा आणि त्यांना त्यांच्या वहीच्या पानावर हळदीचे पोते काढायला सांगा.

प्रश्न : मी सदुसष्ट वर्षांची आहे. वाईत आमच्या गल्लीत असाच एक गट सुरू झाला आहे. शाळा सुटल्यापासून मी रांगोळीपलीकडे काही काढलेले नाही आणि आता हातही थरथरतो. मी गेले तर इतरांना अडचण होईल का?
— एक वाचक, वाई

उत्तर : काकू, अवश्य जा. ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या हाताला जागेचे भान असते, आणि चौकटीत काय कुठे ठेवावे हे बरेचसे त्यावरच ठरते. थरथरत्या रेघेबद्दल मनात किंतू असेल, तर आयव्हन ब्रुनेटी हे व्यंगचित्रकार आपल्या विद्यार्थ्यांना देतात तो एक सराव घरीच करून पाहा. एकच वस्तू आधी तीन-चार मिनिटांत काढायची, मग दोन मिनिटांत, मग एका, मग अर्ध्या मिनिटात, पंधरा सेकंदांत आणि शेवटी पाच सेकंदांत. आपण गणपती घाट किंवा एसटी काढून पाहा. वेळ कमी होत जातो तसे अनावश्यक ते गळते आणि मोजक्या रेघा उरतात, तरीही वस्तू ओळखू येते. थरथर पाचही सेकंद असेलच, पण तेवढ्यात आपण घाटाच्या पायऱ्या ठेवल्या की नदी ठेवली, हे पाहण्यासारखे असते. तो कागद टाकून देऊ नका, मागे तारीख लिहा आणि रविवारी सोबत घेऊन जा.