वाचकांचे प्रश्न : वरातीची घोडी लांब वाटेवर

प्रश्न : लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेला पन्नासेक किलोमीटर घोडीवर जाण्याचा विचार आहे. घोडी सहा वर्षांची असून आजवर फक्त वरातीत चालली आहे. तयारी कशी करावी? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : वरातीत नाचणे वेगळे आणि दिवसभर वाट तुडवणे वेगळे, त्यामुळे किमान तीन महिने हाताशी ठेवावेत. दम काही आठवड्यांत वाढतो, पण पायांच्या शिरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) व हाडे कणखर व्हायला महिने लागतात आणि घाई केली की घोडी लंगडते. पहिला महिना नुसती चाल, पुढे थोडी दुडकी, आणि आठवड्यातून एकच लांब फेरी पुरे. फेरीनंतर घोडीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे तळहात ठेवून हृदयाचे ठोके मोजावेत. विश्रांतीत ते मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, आणि थांबल्यावर अर्ध्या तासात ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर अंतर कमी करावे.

वरातीचे मखमली खोगीर मात्र घरीच राहू द्यावे. साधे, पाठीला बसणारे खोगीर घ्यावे आणि ते उतरवल्यावर पाठ नीट पाहावी : ओल्या घामात मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब पडतो आहे. यात्रेला निघण्याच्या आठवडाभर आधी नाल बदलावी.