जागल्याला संयुक्त राष्ट्रांचे कवच मिळते का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत मी कंत्राटी संगणक चालक आहे. न बांधलेल्या गटाराची मापे मोजमाप वहीत चढवून बिल उचलले गेले, हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. भ्रष्टाचाराविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार आहे म्हणतात. त्याखाली मला संरक्षण मागता येईल का? – एक वाचक

उत्तर : थेट मागता येणार नाही. २००३ मध्ये संमत झालेल्या या कराराला भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. परंतु सद्भावनेने आणि वाजवी आधारावर माहिती देणाऱ्यास संरक्षण देण्याचा सदस्य देशांनी विचार करावा, एवढेच त्याचे ३३ वे कलम सांगते, आणि व्यक्तीची तक्रार ऐकणारी यंत्रणा त्यात नाही. युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश पुष्कळ पुढचा आहे : तक्रारीनंतर कामावरून काढले, तर त्याचा तक्रारीशी संबंध नाही हे मालकानेच सिद्ध करावे लागते. आपल्याकडे २०१४ चा जागल्या (म्हणजे गैरव्यवहार उघड करणारा) संरक्षण कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतरही अंमलात आणलेला नाही. केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करण्याची २००४ ची सोय केंद्राच्या कारभारापुरती आहे; पंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) ती लागू होत नाही.

तेव्हा तुमचा मार्ग कर्नाटक लोकायुक्तांकडे जातो. तेथे तक्रारीसोबत शपथपत्र लागते, म्हणजे निनावी राहता येत नाही. म्हणून आधी त्या गल्लीतील एखाद्या रहिवाशाने माहिती अधिकाराखाली मोजमाप वहीच्या आणि बिलाच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. मूळ वही तुम्ही कार्यालयाबाहेर नेलीत, तर चोरीचा आळ तुमच्यावरच येईल. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा. भाषेचा आपला हक्क खरा आहे, पण तो झगडा याच कागदावर मांडला, तर गटार बाजूला राहते आणि समोरच्याला आयती सबब मिळते.

जिवाला धोका वाटल्यास गंभीर गुन्ह्यांतील साक्षीदारांसाठी असलेली २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना उपयोगी पडेल. सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचे बळ दिले असून, जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज केल्यावर पोलीस उपअधीक्षकांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. सरकारी पैशाच्या अपहाराला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने तुमचे प्रकरण तिच्यात बसू शकते.

ही योजना जीव सांभाळते, नोकरी नाही. सूडापोटी कामावरून काढल्यास उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात दाद मागता येईल. त्यासाठी नेमणुकीचा आदेश आणि पगार जमा झाल्याचे बँक पासबुक यांच्या प्रती आजच घरी आणून ठेवाव्यात, आणि तक्रार केल्यावर तिची पोचही जपावी.