सासऱ्यांचा दमा आणि सोसायटीचं रीडेव्हलपमेंट

प्रश्न : ताई, मी मुलुंडला राहते. गल्लीत सध्या तीन बिल्डिंगा पाडल्यात आणि पुढच्या वर्षी आमचीच सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय. सासऱ्यांना दमा आहे, दिवाळीपासून पंप सुटला नाही, खिडक्या बंद ठेवल्या तरी संध्याकाळी ओट्यावर बोट फिरवलं की रेघ उमटते. मीटिंगमध्ये धुळीचा विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, देश पुढे जायचा तर एवढं सोसावं लागणार. नवीन घर मलाही हवंय हो, म्हणून तर अडकलेय. मग बोलूच नये का?

उत्तर : बोला ना, पण डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर सह्या व्हायच्या आधी बोला, नंतर बिल्डर ऐकत नाही हा माझा स्वतःचा अनुभव. आमच्या वेळी आम्ही कार्पेट एरिया आणि भाड्यावरून चार महिने भांडलो आणि धुळीचं एक वाक्यसुद्धा टाकलं नाही, मग कोणाला विचारणार होतो?

सेक्रेटरींचं म्हणणं मला पटत नाही. बीजिंग बघा, २०१३ मध्ये तिथे पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक कणांची वर्षाची सरासरी दर घनमीटर हवेत ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०२१ मध्ये ३३ वर आली, आणि शहर वाढायचं काही थांबलं नाही. आपल्याकडची मर्यादा आहे ४०, जागतिक आरोग्य संघटना तर ५ च म्हणते.

आणि मुंबईत नियम नाहीत असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने यादीच काढली, ७० मीटरहून उंच इमारत असेल तर भोवती ३५ फुटी पत्रे, त्याहून कमी असेल तर २५ फुटी, पाडकाम ओल्या कापडाने झाकायचं, पाणी मारत राहायचं, डंपर झाकून आणि टायर धुऊन बाहेर सोडायचा. डिसेंबर २०२४ मध्ये हवा फारच बिघडली तेव्हा बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं थांबवली होती. मग धूळ का उडते? कारण पाण्याच्या टँकरला पैसे लागतात, कापडाला लागतात, टायर धुवायला माणूस लागतो, आणि हे सगळं वाचवलं तर बिल्डरचे पैसे वाचतात आणि पंपाचा खर्च तुमच्या सासऱ्यांच्या पेन्शनमधून जातो. देशाचं नाव उगाच मधे येतं!

थंडीत त्रास वाढतो कारण वारा पडतो, रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसते, दिवसभराची धूळ आणि डिझेलचा धूर त्यातच अडकतो. पत्र्यांनी सगळं थांबेल असं समजू नका, बारीक कण त्यावरून जातातच, पण पाणी मारलं तर मोठी धूळ नक्की बसते.

एक गोष्ट मात्र कडू लागेल. तुमची बिल्डिंग पाडतील तेव्हा तुम्ही भाड्याच्या घरात असाल, धूळ खातील समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा. म्हणून सेक्रेटरींना म्हणा की ॲग्रीमेंटमधलं धुळीचं कलम आपल्यासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी घालूया, बघा तोंड कसं होतं ते. पालिकेचे नियम जोडपत्र म्हणून लावा, पाणी मारणं बंद दिसलं तर दंड किती ते आकड्यात लिहा, आणि राडारोडा कुठल्या ठिकाणी गेला त्याच्या पावत्या सोसायटीला मिळाल्या पाहिजेत हेही. खाडीत रात्री रिकामे होणारे डंपर कुणी बघितले नाहीत?

आत्ताच्या तीन साईटसाठी महापालिकेच्या टी वॉर्ड ऑफिसात, म्हणजे तुमच्या मुलुंडच्या, लेखी तक्रार द्या, फोटो तारखेसकट, एकटीने नको, गल्लीतल्या दहा घरांच्या सह्या घेऊन. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. आणि भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा आधी गच्चीवर चढून आजूबाजूला कुठे पत्रे लागलेत का बघा, किचन नंतर.